उंदीरमामांचा वाटा

भाजीच्या वाफ्यावर पेंढा पसरला की सगळ्यात आधी उगवतात ते सल्लागार. मेथी चार दिवस घेते, भेंडी आठवडा घेते, मिरची तर अंत पाहते. सल्लागारांना ना ऊब लागते ना ओल. ते त्याच संध्याकाळी कुंपणाशी उभे राहतात, आणि वाण कुठलंही असो, पहिलं वाक्य एकच येतं : "उंदीर होतील हं!"

आमच्याकडे हे वाक्य पहिल्यांदा आणलं शेजारच्या नानांनी. नाना बँकेतून निवृत्त झाले, पण तारण पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही ही सवय काही निवृत्त झाली नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाफा नीट पाहिला.

"वहिनी, टोमॅटोला अंथरूण घातलंत खरं. झोपायला कोण येणार, याचा विचार केलाय का?"

मी म्हटलं, "नाना, उन्हानं माती तापते, पाणी उडून जातं. पेंढ्याखाली ओल टिकते."

"ओल टिकते, ऊब टिकते, वरून आडोसा. खायला दारातच टोमॅटो. अहो, हा वन बीएचके झाला! भाडेकरू मिळायला कितीसा वेळ?"

पेंढ्यापासून उंदीर तयार होतात, या मताला मोठी परंपरा आहे. सतराव्या शतकात ब्रसेल्सला व्हान हेल्मोंट नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी उंदीर तयार करायची कृतीच लिहून ठेवली आहे : भांड्यात गहू घाला, तोंडाशी मळका सदरा कोंबा आणि एकवीस दिवस थांबा. हे गृहस्थ वेडे नव्हते. यांनीच २०० पौंड वाळवलेल्या मातीत वाळुंजाचं रोप लावून पाच वर्षं नुसतं पाणी घातलं आणि मग झाड आणि माती वेगवेगळी तोलली. झाड १६० पौंडांहून जास्त वाढलं होतं, माती जेमतेम दोन औंसांनी घटली होती. इतक्या काटेकोर माणसाला, सदऱ्यातला उंदीर बाहेरून आला असेल, अशी शंका शिवली नाही. मग नानांना कशाला बोल लावायचा?

उंदीर पेंढ्यात जन्माला येतात ते नंतर. आधी ते कुठून तरी येतात, आणि फार लांबून येत नाहीत. नानांच्या माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांच्या चळती आहेत, दोन गाद्या आहेत आणि 'लागेल कधीतरी' या सदरातली असंख्य खोकी आहेत. न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या पाइपाला जाळी नाही. कुत्र्याची थाळी रात्रभर अंगणात असते आणि त्यातला भात सकाळी नसतो. कुत्रा पहाटेपर्यंत जेवत बसतो, असा नानांचा समज आहे. या सगळ्या मालमत्तेत एकही काडी पेंढ्याची नाही. तरी उंदीर म्हटलं की नानांचं बोट कुंपणापलीकडे, माझ्या वाफ्याकडे वळतं.

अर्थात नाना अगदीच चुकीचं बोलत नाहीत. हीच तर पंचाईत आहे. उंदराला उघड्यावर फिरायची भीती वाटते. वर घुबड, खाली मांजर, त्यामुळे तो भिंतीच्या, बांधाच्या, गवताच्या कडेकडेनं चालतो. जाड पेंढा पसरला की त्याला आख्खा वाफा म्हणजे छप्पर घातलेला रस्ता मिळतो. खालची माती भुसभुशीत, बीळ उकरायला सोपी. शिवाय पेंढ्यात दाणे राहिलेले असले तर पाहुणचारही झाला. आच्छादनामुळे उंदरांची सोय होते, हे आच्छादनवाल्यांनी मान्य करून टाकावं. वाद मिटत नाही, पण निदान रंगतो.

पेंढा मिळवणं हा वेगळाच अध्याय. आमचा भाग मावळातला, भाताचा. झोडणी झाली की खळ्याजवळ पेंढ्याच्या गंज्या उभ्या राहतात आणि पेंढा शेकड्यावर विकला जातो. पवन मावळातल्या एका मामांकडे मी पेंढ्या मागितल्या. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"जनावरं किती हायेत, ताई?"

"जनावरं नाहीत, मामा. वांग्यांना पाहिजे."

"वांगी खात्यात व्हय पेंढा?"

"खात नाहीत. अंगाखाली पसरायचा."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "ताईंच्या गाडीत चांगल्या बघून टाक रं. त्यांच्या वांग्यांना बसायला पायजे." पैसे मात्र त्यांनी म्हशीच्या भावानंच घेतले.

हा पेंढा इंद्रायणीचा. हे वाण इथल्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलं आणि त्याचं एक कूळ आंबेमोहोराचं आहे. म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या उंदराला साधंसुधं काड नाही, सुवासिक घराण्यातला पेंढा मिळतो. यंत्रानं मळलेल्या भाताच्या पेंढ्यात दाणे राहतात, हातानं नीट झोडलेल्यात कमी राहतात. जे राहतात ते पहिल्या पाण्याला टोमॅटोच्या बुंध्याशी उगवतात. नाना ते बघून विचारतात, "भात लावलाय? मग चिखलणी कधी?"

आमच्या सासूबाई मुळशी तालुक्यातल्या. त्यांनी पेंढ्याच्या बाजूनं कौल दिला, पण एक अट घालून. "पेंढा आण, गवत आणू नकोस. डोंगरावरचं गवत कापतात तेव्हा त्यात बी धरलेलं असतं. तू वांगी लावशील आणि उगवेल कुरण." फरक त्यांनी एका वाक्यात संपवला. पेंढा म्हणजे दाणा काढून घेतलेला देठ, त्यात बी जवळपास नाही आणि कसही नाही. गवत म्हणजे बियांसकट वाळवलेला चारा. पहिला मातीवर पडून राहतो, दुसरा मातीत संसार थाटतो. शेतीच्या पुस्तकांनी पानंच्या पानं खर्चून हेच सांगितलेलं आहे, फक्त त्या पुस्तकांना पुढे कांदा चिरायचा नसतो.

आच्छादनाची थोरवी गाणाऱ्यांची यादी लांब आहे. जपानमध्ये शिकोकू बेटावरच्या मासानोबू फुकुओका यांनी भाताचं काड परत भाताच्याच शेतावर पसरलं, नांगर बाजूला ठेवला आणि १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ते जगभर गेलं. १९८८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची एक सूचना मला फार आवडते : काड नीटनेटकं अंथरू नका, वेडंवाकडं भिरकावून द्या. ओळीत रचलं तर कोंबांना वर यायला वाट मिळत नाही. आयुष्यभर चादरीच्या सुरकुत्या काढलेल्या बाईला ही सूचना अमलात आणताना काय यातना होतात, हे त्या थोर पुरुषाला कुणी सांगितलं नसावं. सासूबाई तर मी भिरकावलेला पेंढा मागून येऊन सारखा करत होत्या.

अमेरिकेत कनेटिकट राज्यात रूथ स्टाउट नावाच्या बाई होत्या. गुप्तहेरकथा लिहिणाऱ्या रेक्स स्टाउट यांची ही बहीण. एका वसंतात नांगरणारा माणूस वेळेवर येईना, तेव्हा बाईंनी ठरवलं की नांगरायचंच नाही. बागेवर आठ-आठ इंच जाड वाळकं गवत पसरून दिलं आणि त्यातच भाज्या लावल्या. १९५५ साली त्यांनी पाठ न दुखवता बागकाम कसं करावं यावर पुस्तक लिहिलं. नांगरवाला न आल्यामुळे तत्त्वज्ञान जन्माला येतं, हे वाचून मला फार धीर आला. आमच्याकडे नळदुरुस्तीवाला येत नाही, इस्त्रीवाला येत नाही. त्यातून काय काय निर्माण व्हायचं बाकी असेल कोण जाणे. मात्र तिकडच्या बागांतही गवताखाली बोगदे काढणारा व्होल नावाचा आखूड शेपटीचा प्राणी आहे. देश बदलला की तक्रारीचं फक्त शेपूट बदलतं.

आपल्याकडे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी, म्हणजे गणिताच्या प्राध्यापकांनी, प्रयोग परिवार उभा केला आणि पानावर पडणाऱ्या उन्हाचा, जमिनीवर पडणाऱ्या पालापाचोळ्याचा हिशेब शेतकऱ्यांना मांडायला शिकवलं. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत बीजामृत, जीवामृत आणि वाफसा यांच्या पंगतीत आच्छादनाला मानाचं पान आहे. इतकी माणसं इतक्या ठिकाणांहून एकच गोष्ट सांगत असतील तर त्यात काही तरी तथ्य असणार. ते तथ्य एप्रिलमध्ये कळतं. उघड्या वाफ्यात दुपारी हात घातला तर चटका बसतो, आणि सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळी कुठे गेलं ते सांगता येत नाही. पेंढ्याखालची माती त्याच वेळी गार आणि ओलसर लागते. तण उजेडाअभावी मरतं. पाणी घालताना माती उडून पानांवर बसत नाही. खालची गांडुळं वर येतात. पेंढा हळूहळू कुजून मातीतच जातो. त्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, म्हणून तो मातीत मिसळला तर कुजताना रोपांचं नत्र काही काळ ओढून घेतो. वरच राहू दिला तर ही अडचण फारशी जाणवत नाही. म्हणजे जितकं कमी काम कराल तितकं चांगलं. शेतीतल्या दुसऱ्या कुठल्याही सल्ल्याला इतका सुंदर शेवट नाही.

आता मामा. उंदराला मराठीत मामा म्हणण्याची पद्धत आहे, आणि मामा हे नातं मोठ्या विचारानं निवडलेलं असावं. मामा हक्कानं येतो, जेवून जातो, आणि त्याला जा म्हणता येत नाही. पण परसात येणारे सगळे मामा एका घरचे नसतात. घरातला काळा उंदीर चढण्यात पटाईत. तो वायरवरून, वेलीवरून येतो आणि मांडवावरच्या दोडक्याला भेट देतो. शेतातली चिमुकली उंदरं नुकतं पेरलेलं बी उकरतात. वाटाणा, मका, काकडी हा त्यांचा खास मेनू. आणि तिसरी घूस. घूस स्थापत्य शाखेची. तिचं काम बाहेर पडलेल्या मातीच्या ढिगावरून ओळखू येतं. भातशेतात ती लोंब्या कुरतडून बिळात साठवते. मावळ-रायगडातल्या कातकऱ्यांना बांधावरचं बीळ पाहून आत किती खोल काय असेल याचा अंदाज येतो. कापणीनंतर बिळं उकरून घुशीनं नेलेलं धान्य परत आणायची त्यांची जुनी रीत आहे. वसुलीच्या बाबतीत याहून चोख पद्धत बँकेनंही शोधलेली नाही. नानांना हे सांगितलं तेव्हा ते प्रथमच थोडे हळवे झाले.

मामांची खरी चीड येते ती त्यांच्या जेवणाच्या पद्धतीची. एक टोमॅटो उचलून संपूर्ण खाल्ला तर माणूस समजून घेईल. नाही. ह्याला एक चावा, त्याला एक चावा, तिसऱ्याचा नुसता वास, आणि सगळे टाकून देऊन पुढच्या रोपाकडे. लग्नात बुफेला जाणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं. पण उंदराची बाजू अशी की त्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं परत येणार नसेल, तर नवीन पदार्थ जरासा चाखून वाट पाहणं हाच शहाणपणा. शिवाय त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं हा त्याचा शौक नाही, नाइलाज आहे. हे ज्ञान सकाळी सहा वाजता हातात अर्धा टोमॅटो धरून उभं असताना मात्र फारसं कामाला येत नाही.

कृषी सेवा केंद्रातल्या दुकानदाराकडे या सगळ्यावर गुळगुळीत उत्तर असतं. "मॅडम, पेंढा जुना झाला. मल्चिंग पेपर घ्या. वरून चंदेरी, खालून काळा, पंचवीस मायक्रॉन." हा पेपर प्लास्टिकचा असतो हे तो सांगत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं. मी विचारलं, "याखाली उंदीर येत नाहीत का?" तो म्हणाला, "येतात ना. पण दिसत नाहीत." इतका प्रामाणिक विक्रेता मी पाहिलेला नाही. हंगाम संपल्यावर हा पेपर फाडून गोळा करायचा असतो, तो कुजत नाही, आणि गांडुळांनी त्याबद्दल अजून उत्साह दाखवलेला नाही. मी पिंजरा घेऊन आले.

पिंजऱ्याचं तंत्र सगळ्यांना येतं, फक्त प्रत्येकाचं वेगळं. कुणी खोबरं लावतं, कुणी भजं, कोकणातली मंडळी सुक्या बोंबलावर ठाम. पहिले काही दिवस काहीच होत नाही, कारण उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. तो पिंजऱ्याला लांबूनच वळसा घालतो. विषाचंही तेच. झिंक फॉस्फाइड वापरायचं तर आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवायचं, भरड्याला गोडेतेल लावून, आणि पाहुण्यांचा संकोच गेला की मग विषारी. पहिल्या दिवसाचं आमिष तयार होत असताना सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. वाडग्याकडे बघून म्हणाल्या, "हे कुणासाठी?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन दिवस जेवायला घालायचं आणि तिसऱ्या दिवशी मारायचं? अगं, असं व्याह्यांनासुद्धा करत नाहीत." विषाचा बेत तिथेच बारगळला. त्याला आणखी एक सबळ कारण होतं : विष खाल्लेला उंदीर मांजरानं किंवा घुबडानं खाल्ला, तर उंदरांविरुद्ध फुकट काम करणारा एकमेव माणूसही आपण गमावतो. माणूस म्हणजे, प्राणी.

विषाच्या बाबतीत आपल्या राज्याचा अनुभवही विचार करण्यासारखा आहे. २०१८ च्या मार्चमध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदरांचा विषय काढला. सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा आकडा त्यांनी सभागृहासमोर ठेवला. भागाकार केला तर दिवसाला पंचेचाळीस हजारांवर, मिनिटाला एकतीसच्या पुढे, रात्रपाळीसह. पुढे खुलासा आला की हा आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा आहे. गोळ्या मोजल्या होत्या, उंदीर नव्हे. माझ्या दृष्टीनं यातली सर्वांत महत्त्वाची नोंद वेगळीच आहे : मंत्रालयात पेंढा पसरलेला नव्हता. वांगीही नव्हती. मी हे नानांना दाखवलं. नाना म्हणाले, "तिथे फायली होत्या." हा मुद्दा मात्र बिनतोड होता.

भाद्रपद आला की परसबागेचं राजकारण आणखी गुंतागुंतीचं होतं. चतुर्थीला गणपती येतात आणि त्यांच्या पायाशी मूषक असतो, हातात मोदक घेऊन. सिद्धिविनायकाला जाऊन माणसं मूषकाच्या कानात मनातलं गाऱ्हाणं सांगतात, ते तो देवापर्यंत पोचवतो अशी श्रद्धा. आता त्याच महिन्यात मागच्या दारी पिंजरा लावायचा आणि पुढच्या दारी त्याच खानदानाच्या कानात कुजबुजायचं, हे जरा अवघड जातं. आमच्या घरी गणपतीचे दिवस पिंजरा माळ्यावर जातो. ही बातमी उंदरांत कशी पसरते माहीत नाही, पण पसरते. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातल्या भाज्या : अळू, माठ, भोपळा, भेंडी, दोडका, कणसं. नांगर न लावता, पेंढा पसरून वाढवलेली भाजी ऋषींना जितकी चालेल तितकी दुसरी कुठलीही चालणार नाही. फुकुओका आणि स्टाउटबाई दोघंही या पंगतीला निःशंक बसू शकले असते. फक्त आमचा एक वाफा घुशीनं आडवातिडवा उकरला होता. घुशीच्या कष्टाचं चालतं का, असं मी गुरुजींना विचारलं. त्यांनी दक्षिणा मोजून घेतली आणि शास्त्र या विषयावर गप्प असल्याचं सांगितलं.

उंदरांच्या पाठोपाठ येणारा आक्षेप म्हणजे साप. इथे मराठी म्हणी अगदी शास्त्रीय आहेत. आयत्या बिळावर नागोबा, कारण सापाला बीळ उकरता येत नाही, तो दुसऱ्याच्याच घरात राहतो. आणि साप साप म्हणून भुई धोपटणे, कारण पेंढा जरा हलला की वसाहतीतली निम्मी पुरुष मंडळी काठ्या घेऊन येतात आणि टोमॅटो झोडपतात. पेंढ्याखालून निघालेला प्राणी बहुतेक वेळा सरडा असतो. धामण निघाली तर ती उंदरांच्याच मागे आलेली, बिनविषारी, आणि कायद्यानं संरक्षित. पण घोणससुद्धा उंदरांच्याच मागे येते, त्यामुळे पेंढ्यात उघडा हात घालू नये, आधी काठीनं हलवावा, आणि अंधारात टॉर्चशिवाय परसात जाऊ नये. इथे विनोद थांबतो. घुबडाचं उलट आहे. गव्हाणी घुबड उंदरांचा कर्दनकाळ, पण ते गच्चीवर बसलं की घरात कुणाला तरी शिंक येते आणि अपशकुनाचा ठपका त्याच्यावर. लक्ष्मीचं वाहन घुबड, गणपतीचं वाहन उंदीर. एका वाहनानं दुसरं खाल्लं तर तो देवांचा आपसातला मामला आहे. मध्ये आपण दगड मारायचं कारण नाही.

ही थट्टा परसापुरती ठीक. पण हाच वाद उसाच्या पट्ट्यात फार महाग पडतो. ऊस तुटला की हेक्टरी आठ-दहा टन पाचट शेतात उरतं. ते सरीत ठेवून, थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू खत टाकलं तर तेच आच्छादन आणि तेच खत. कृषी विद्यापीठं हे कधीपासून सांगतायत. तरी काडी लावली जाते, आणि का लावली असं विचारलं की मशागतीची अडचण सांगून झाल्यावर दुसरं उत्तर तेच येतं : "पाचटात उंदीर होतात, ताई." संध्याकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धूर उठतो. बांधाच्या बिळात हातभर खाली बसलेल्या उंदराला त्याची धग फारशी लागत नाही. जळतो तो वर्षभराचा कर्ब. आग विझली की मामा बाहेर येतात, मोकळं रान बघतात आणि शेजारच्या शेतात जेवायला जातात. जमीन मात्र तिथेच उपाशी बसलेली असते, कारण तिला शेजारी जाता येत नाही.

म्हणून आमच्याकडे मामांशी तह झाला आहे. कलमं थोडी आहेत. बी पेरल्यावर लगेच पेंढा नाही; रोपं वीतभर झाली की मग. जाडी चार बोटं, स्टाउटबाईंचे आठ इंच आपल्याला झेपत नाहीत. बुंध्याभोवती ओंजळभर जागा उघडी. वाफ्याच्या कडेनं दोन-तीन फुटांची पट्टी स्वच्छ, म्हणजे येणाऱ्याला उघड्यावरून यावं लागेल आणि आमच्या मांजरीला निदान संधी मिळेल. (मांजर संधी पाहते आणि झोपते, पण तत्त्व महत्त्वाचं.) खरकटं पेंढ्याखाली लपवायचं नाही, अर्ध्या परसबागांत उंदीर पेंढ्याला नाही, खालच्या शिळ्या पोळीला आलेले असतात. आठवड्यातून एकदा पेंढा खालीवर करायचा, म्हणजे कुणी घरटं बांधायला घेतलं असेल तर त्याला जागेच्या कागदपत्रांबद्दल शंका येते. रताळी, गाजर आणि भुईमूग यांच्यावर आच्छादन पातळ, कारण तिथे जेवण तळघरात असतं. पिकायला आलेला टोमॅटो सूर्यास्ताआधी घरात. पावसाळ्यात पेंढा कमी, नाही तर उंदरांच्या जागी गोगलगायी येतात आणि त्या तर पिंजऱ्यात चालत जायलाही आठवडा घेतील. आणि कुरतडलेली भाजी फेकायची, उरलेली नळाखाली चोळून धुवायची, हाताला जखम असेल तर हातमोजे घालायचे, कारण उंदराच्या मुतातून लेप्टो होतो आणि त्याला आपल्या तहाची कल्पना नसते.

या तहावर मामांची सही नाही, असा आक्षेप नानांनी घेतला. तो बरोबर आहे. पण मंडईतल्या भाजीत आणि वाण्याकडच्या तांदळात उंदराचा वाटा नसतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एखाद्या गोदामात मागच्या बाजूनं शिरून बघावं. शेतात, खळ्यावर, ट्रकमध्ये, पोत्यांच्या थप्पीत तो वाटा कापला जातच असतो. आपण तो किलोच्या भावात मुकाट भरतो, आणि पावतीवर त्याचा रकाना नसतो म्हणून आपल्याला शांत झोप लागते. परसात एवढाच फरक की वसुली डोळ्यांदेखत होते, आणि वसूल करणारा मिश्या हलवत आपल्याकडे बघतो. राग त्याच्या खाण्याचा कमी येतो, त्या बघण्याचा जास्त येतो.

उंदीर गेला लुटी, आणल्या दोन मुठी, अशी म्हण आहे. या दोन मुठींची आपण वहीत नोंद करतो, शेजाऱ्यांना दाखवतो, त्यापायी रानं पेटवतो. उघड्या मातीतून रोज दुपारी उडून जाणारं पाणी मात्र कुठल्याच वहीत नसतं, कारण त्याला मिश्या नाहीत. तेव्हा टोमॅटोची एक ओळ जास्त लावावी आणि खुशाल पेंढा टाकावा. मामांचा वाटा मामांना गेला, तरी भाच्यांना पुरेल इतकं मागे उरतं.